नाही म्हणणाऱ्याची मजुरी

"तठे कसाले गयथा भो?" इंडोनेशियाहून परतल्यावर शिंदखेड्यात मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच. विचारणाऱ्याच्या मनात टोमणा नसतो, खरंखुरं कुतूहल असतं. मे महिन्यात पारा 44-45 वर जातो अशा गावातला माणूस पदरचे पैसे खर्चून, समुद्र ओलांडून, जिवंत ज्वालामुखीवर कशाला जाईल? आणि मी पुढे सांगतो की वर पाऊस होता, वारा होता, धुकं होतं, आणि शिखर काही गाठलं नाही, तेव्हा समोरचा हमखास म्हणतो, "म्हणजे फुकटच गेला की खर्च!"

या लेखात त्या दोन्ही वाक्यांना उत्तर द्यायचा प्रयत्न करतो.

आधी पहिल्याचं उत्तर. ते शिंदखेड्यातच सापडतं. आमच्याकडे विहीर खोदायला घेतली की वर काळी माती लागते, मग मुरूम, मग भोकाभोकांचा मांजऱ्या दगड आणि मग सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा पाषाण. हा सगळा माल ज्वालामुखीचा आहे. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथे जमीन फाटली आणि लाव्हा पसरत गेला. थरावर थर चढले. आज उरलेलं त्याचं क्षेत्रच सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर आहे. कापूस ज्या काळ्या मातीत उगवतो ती माती याच दगडाची भुकटी. म्हणजे खानदेशातल्या शेतकऱ्याच्या घरात येणारा पैसा हा एका अर्थाने विझलेल्या आगीचाच पैसा आहे.

शिंदखेडा, दोंडाईचा, साक्री, नंदुरबार या पट्ट्यात फिरताना मैदानातून उठलेल्या काळ्या दगडांच्या लांबच लांब भिंती दिसतात. लहानपणी आम्हा मुलांना त्या कुणीतरी बांधलेल्या वाटायच्या. कोणत्या राजाने, कशासाठी, यावर भांडणंही व्हायची. कॉलेजात गेल्यावर कळलं की त्यांना भूशास्त्रात डाइक म्हणतात. जमिनीला भेगा पडल्या, त्यांतून तप्त रस वर आला, आणि शेवटी जो रस भेगेतच राहिला तो तिथेच थिजला. आजूबाजूचा मऊ दगड लाखो वर्षांच्या पावसाने झिजून गेला आणि कठीण भिंत उरली. धुळे-नंदुरबार भागात अशा दोनशेहून अधिक भिंतींची नोंद संशोधकांनी केली आहे. बहुतेक पूर्व-पश्चिम, साधारण तापीच्या दिशेने धावतात. काहींची लांबी पन्नास किलोमीटरच्या पुढे जाते.

आपलं गाव एका विझलेल्या भट्टीवर वसलंय हे एकदा कळलं की पेटलेली भट्टी कशी असते हे बघावंसं वाटणं साहजिक आहे. भारतात जागा ज्वालामुखी एकच, अंदमानातलं बॅरन बेट. तिथे वस्ती नाही, आणि डोंगर चढायला तर जाता येतच नाही. मग इंडोनेशिया. त्या देशात सव्वाशेच्या वर जागे ज्वालामुखी आहेत, आणि त्यांच्या उतारांवर लाखो माणसं शेती करून राहतात.

आम्ही तिघे निघालो. एक पुणेकर, एक नाशिककर आणि मी. तिघांनीही सह्याद्री बऱ्यापैकी पालथा घातलेला. साल्हेर, कळसूबाई, हरिश्चंद्रगड झालेले. ठिकाण ठरलं बालीशेजारच्या लोंबोक बेटावरचा रिंजानी. उंची 3726 मीटर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. सुमात्रामधला केरिन्ची सोडला तर इंडोनेशियातला सर्वांत उंच ज्वालामुखी.

रिंजानी म्हणजे एक सुटा डोंगर नाही. त्याच्या शेजारी सामालास नावाचा आणखी एक मोठा डोंगर होता. तो 1257 साली फुटला. गेल्या काही हजार वर्षांतल्या सर्वांत मोठ्या उद्रेकांमध्ये त्याची गणना होते. ध्रुवांकडच्या बर्फात त्या सुमाराच्या गंधकाचा ठळक थर शास्त्रज्ञांना कधीचाच दिसत होता, पण हा कोणत्या ज्वालामुखीचा, हे कळत नव्हतं. 2013 मध्ये संशोधकांनी तो सामालासचा असल्याचं दाखवून दिलं. त्यात त्यांना लोंबोकमधल्या ताडपत्रांवरच्या जुन्या बखरीचीही मदत झाली. त्या बखरीत पामातान नावाचं नगर गाडलं गेल्याची हकिगत आहे. ज्या जागी सामालास होता तिथे आज प्रचंड खड्डा आहे, खड्ड्यात सेगारा आनाक नावाचं तळं आहे, आणि तळ्यात बारुजारी नावाचा लहान, काळा, जागा शंकू आहे. 2015 च्या उद्रेकात त्याच्या राखेमुळे लोंबोक आणि बालीचे विमानतळ बंद ठेवावे लागले होते. रिंजानीची वाट या खड्ड्याच्या काठावर नेते आणि तिथून शिखराकडे वळते.

लोंबोकमध्ये परकं वाटत नाही. जावानीज भाषेत लोंबोक म्हणजे मिरची, हे कळल्यावर मला दोंडाईचाचा मिरचीचा बाजार आठवला. बेटाच्या नावाचा मात्र मिरचीशी संबंध नाही. तिथल्या सासाक भाषेत त्याचा अर्थ 'सरळ' असा सांगतात. बेटाला 'हजार मशिदींचं बेट' म्हणतात आणि ते खरंच तसं आहे. पहाटे एका मशिदीची अजान संपायच्या आत दुसरीची सुरू होते. ज्या सेम्बालुन गावातून चढाई सुरू होते तिथे लसणाची शेतं आहेत. डोंगराच्या कुशीत लसूण, कोबी, स्ट्रॉबेरी. जमीन काळी, भुसभुशीत. आमची काळी माती म्हातारी, त्यांची अजून तरुण, एवढाच फरक.

आमचा वाटाड्या पन्नाशीचा. त्याला आम्ही 'पाक' म्हणायचो. तिकडे वडीलधाऱ्या पुरुषाला असंच म्हणतात, आपल्या 'काका'सारखं. आपल्याकडे हा शब्द जरा जपूनच वापरावा लागतो, असं मी त्याला सांगितलं तर तो बराच वेळ हसत राहिला. आम्ही आपसांत बोलतो ती कोणती भाषा, असं त्याने विचारलं. मराठी म्हटल्यावर त्याला ती हिंदीपेक्षा वेगळी कशी हे समजावून सांगावं लागलं. माझं नाव ऐकल्यावर "अस्सलामु अलैकुम" म्हणाला आणि पुढे दोन दिवस माझ्या नमाजाच्या वेळांची काळजी त्यालाच जास्त होती.

सोबत तीन हमाल होते. हे लोक पाहून मी थबकलो. खांद्यावर बांबू, बांबूच्या दोन टोकांना टोपल्या. थेट आपली कावड. टोपल्यांत तंबू, गाद्या, पाणी, तांदूळ, अंडी, कोंबडी, स्टोव्ह. पायात साधी रबरी चप्पल. आमच्या पायांत महागडे बूट आणि पाठीवर दहा किलोसुद्धा नाही. खानदेशातून वणीच्या गडाला पायी जाणारी माणसं मी पाहिली आहेत, कावड घेऊन जाणारेही पाहिलेत. पण तिथे माणूस आपल्या श्रद्धेपोटी वाहतो. इथे माणूस दुसऱ्याची हौस वाहत होता.

ऑक्टोबरचा शेवट होता. रिंजानीच्या वाटा भर पावसाळ्यात, साधारण जानेवारी ते मार्च, दरवर्षी बंद ठेवतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे सीमारेषा. सकाळी स्वच्छ ऊन, दुपारनंतर काय होईल सांगता येत नाही. आम्ही सकाळी निघालो तेव्हा गवताळ माळ सोन्यासारखा पिवळा होता आणि शिखर समोर दिसत होतं. दुसरा थांबा ओलांडला आणि ढग खाली उतरले. तिसऱ्या थांब्यावर पाऊस सुरू झाला.

तिथे एका पत्र्याच्या शेडखाली पाकने जोहर आणि असर एकत्र पढून घेतली. मी पाहत राहिलो. आम्ही हनफी. प्रवासात चार रकातींच्या दोन करतो, पण दोन वेळांच्या नमाजा अशा एकत्र करत नाही. इंडोनेशियातले लोक शाफई. त्यांच्याकडे प्रवासात तशी सवलत आहे. तो म्हणाला, "वर पोहोचेपर्यंत असरची वेळ जाईल, पाऊस आहे, पाय घसरतात. अल्लाहने सोपं केलंय तर आपण अवघड का करायचं?" हे वाक्य त्याने नमाजाबद्दल म्हटलं होतं. रात्री मला ते वेगळ्या अर्थाने आठवलं.

तिसऱ्या थांब्यापुढे सात टेकड्या येतात. स्थानिक भाषेत त्यांना पस्तावण्याच्या सात टेकड्या म्हणतात. प्रत्येक टेकडीच्या माथ्यावर वाटतं की आलं, आणि पुढे आणखी एक उभी असते. पावसात त्यांच्या वाटांचे ओढे झाले होते. सह्याद्रीतल्या पावसात चालायची सवय आम्हाला होती, पण पायाखालची जमीन सह्याद्रीची नव्हती. सह्याद्रीचा कातळ निसरडा होतो, तरी तो कातळच असतो. इथे पायाखाली राख, वाळू आणि खडे. पाय रोवला की जमीनच पायासकट खाली सरकते. आपला दगड 6 कोटी वर्षांत घट्ट बसलाय, यांचा अजून बसायचाय.

थंडीचाही हिशेब वेगळा. उंची दर हजार मीटरने वाढली की तापमान साधारण सहा-साडेसहा अंशांनी उतरतं. समुद्रकाठी तीस अंश असले तर रिंजानीच्या माथ्यावर सहा-सात. त्यात अंग ओलं आणि वारा असला की शरीराची ऊब झपाट्याने जाते. आधी बोटं ऐकेनाशी होतात, मग बोलणं अडखळतं, मग माणूस चुकीचे निर्णय घेऊ लागतो. वाईट हवेत डोंगरावर माणसं मरतात ती नेहमीच कड्यावरून पडून मरत नाहीत. पुष्कळदा ती आधी गारठतात आणि मग पडतात.

संध्याकाळी आम्ही काठावरच्या मुक्कामाला पोहोचलो. उंची 2639 मीटर. ठरल्याप्रमाणे समोर तळं आणि बारुजारी दिसायला हवं होतं. समोर पांढरी भिंत होती. हमाल आमच्या दीड तास आधी पोहोचून, भिजत तंबू उभारून, चहा उकळून बसले होते. त्यातल्या सर्वांत तरुण पोराच्या अंगावर रेनकोट म्हणून प्लास्टिकची पिशवी होती, डोक्यासाठी मध्ये भोक पाडलेली. नाशिककराने त्याला आपलं कोरडं स्वेटर दिलं. पोराने ते घेतलं, पण घातलं नाही. ओलं होईल म्हणून टोपलीत जपून ठेवलं.

शिखराची चढाई रात्री दोनला सुरू करतात, म्हणजे सूर्योदयाला माथ्यावर पोहोचता येतं. अकराशे मीटरचा चढ. शेवटचा टप्पा सगळा भुसभुशीत खड्यांचा, दोन पावलं वर टाकली की एक खाली. दोन्ही बाजूंना उतार. दीड वाजता पाकने आमच्या तंबूचं कापड वाजवलं. आम्ही जागेच होतो. झोप येण्यासारखा वारा नव्हता. तो आत वाकून म्हणाला, "आज नाही."

पुणेकराने वाद घातला. तो भांडकुदळ नाही, आणि त्याचे मुद्दे तसे बिनबुडाचेही नव्हते. पाऊस कमी झालाय. आपण तिघेही सरावलेले आहोत. परत येणं होणार नाही, रजा मिळणार नाही, एवढे पैसे पुन्हा जमणार नाहीत. शेजारच्या तंबूंमधले लोक तर निघाले. खरंच निघाले होते. धुक्यात त्यांच्या डोक्यावरचे दिवे वर जाताना दिसत होते.

पाकने प्रत्येक मुद्दा ऐकून घेतला आणि मग सावकाश सांगितलं. वारा काठावर एवढा असेल तर वर उभं राहता येणार नाही. पावसाने खडे सुटे झालेत. एकाच्या पायाखालून सुटलेला दगड खालच्याला लागतो, आणि धुक्यात तो येताना दिसत नाही. वीज झाली तर माथ्यावर आडोसा नाही. "आणि कोणी पडलं," तो म्हणाला, "तर त्याला आणायला मला आणि या पोरांना जावं लागेल."

हे शेवटचं वाक्य ऐकल्यावर नाशिककराने बुटांच्या नाड्या सोडल्या. पुणेकर काही बोलला नाही, स्लीपिंग बॅगेत शिरून भिंतीकडे तोंड करून पडला. मी बराच वेळ जागा होतो.

आमच्या घरांमध्ये एक शब्द फार ऐकू येतो, तवक्कुल. अल्लाहवर भरवसा. तो पुष्कळदा अशा सुरात म्हटला जातो की भरवसा म्हणजे काळजी सोडून देणं. पण ज्यांनी मदरशात चार दिवस काढलेत त्यांना उंटाची गोष्ट ठाऊक असते. एकाने पैगंबरांना विचारलं होतं की उंट मोकळा सोडून भरवसा ठेवू, की बांधून? उत्तर होतं की आधी बांध, मग भरवसा ठेव. आणि हेही ठाऊक असतं की मुसळधार पावसाच्या रात्री अजान देणाऱ्याने लोकांना घरीच नमाज पढायला सांगावं, अशी पद्धत पैगंबरांच्या काळापासून आहे. ज्या हाकेचा अर्थच 'नमाजाकडे या' असा, त्या हाकेत हवामान बघून 'घरीच थांबा' असं म्हणायची सोय आहे. याला रुखसत म्हणतात, सवलत. मशिदीत जाण्यालाही जिथे पावसाची सवलत आहे, तिथे शिखरावर जाण्याला का नसावी?

त्या रात्री मला जावा बेटावरच्या मेरापीची हकिगत आठवत होती. मेरापीचे राखणदार म्हणून योग्याकार्ताच्या सुलतानाने नेमलेले एक वृद्ध गृहस्थ होते, म्बाह मारिजान. 2006 मध्ये डोंगर फुटला तेव्हा सगळ्यांनी सांगूनही ते आपल्या गावातून हलले नाहीत, आणि वाचले. देशभर त्यांचं नाव झालं. 26 ऑक्टोबर 2010 ला मेरापी पुन्हा फुटला. तेव्हाही ते हलले नाहीत. तप्त राखेच्या लोटाने गाव भाजून काढलं. त्यांचा देह सजद्याच्या स्थितीत सापडल्याच्या बातम्या आल्या होत्या. त्यांच्याभोवती थांबलेली आणखीही माणसं गेली.

त्याच उद्रेकात दुसरा एक माणूस होता, सुरोनो. देशाच्या ज्वालामुखी निरीक्षण संस्थेचे ते प्रमुख. त्यांनी आदल्या दिवशी, 25 ऑक्टोबरला, धोक्याची पातळी सर्वोच्च केली. आधी 10 किलोमीटरच्या आतली गावं रिकामी करायला लावली, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला डोंगराचा रोख पाहून ती मर्यादा 20 किलोमीटरवर नेली. त्या उद्रेकात साडेतीनशेच्या वर माणसं दगावली. पण वेळीच हलवल्यामुळे किमान दहा हजार जीव वाचले असावेत, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. दोघेही मुसलमान, दोघेही आपापलं काम निष्ठेने करणारे. म्बाह मारिजान यांच्या श्रद्धेला नावं ठेवण्याची माझी लायकी नाही. पण उंट बांधणारा कोण, असं मला कुणी विचारलं तर मी सुरोनो यांच्याकडे बोट दाखवीन.

पाऊस आणि ज्वालामुखी यांचं नातंही आपल्याला वाटतं त्याहून जवळचं आहे. आपल्याला वाटतं, पाऊस पडला की आग शांत होणार. तसं होत नाही. डिसेंबर 2021 मध्ये जावातल्या सेमेरूच्या माथ्यावर साचलेला लाव्हाचा घुमट जोरदार पावसात ढासळला, त्यातून तप्त राखेचे लोट उतरले आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. पश्चिम सुमात्रामध्ये मारापी नावाचा दुसरा डोंगर आहे, नाव जवळचं असलं तरी मेरापी वेगळा. 3 डिसेंबर 2023 ला तो अचानक फुटला तेव्हा वर सुमारे 75 जण चढलेले होते. त्यांतले 24 परत आले नाहीत. निरीक्षण संस्थेने मुखापासून 3 किलोमीटरच्या आत जाऊ नका असं आधीपासून सांगितलेलं होतं, आणि चढाईचे परवाने मात्र मिळत होते. पुढच्या मे महिन्यात त्याच डोंगरावर साचलेली राख पावसाने चिखल होऊन खालच्या गावांवर उतरली. साठहून जास्त बळी गेले. या चिखलाच्या लोंढ्याला लाहार म्हणतात. जगभरच्या भूशास्त्राने हा शब्द जावानीजमधूनच उचललाय.

म्हणजे डोंगर फुटला नाही तरी पाऊस आहे, पाऊस नसला तरी डोंगर आहे. दोन्ही एकत्र असतील तेव्हा माणसाच्या हातात एकच गोष्ट उरते, कधी जायचं नाही ते ठरवणं.

पहाटे फज्र तंबूतच पढलो. लोंबोकहून किबला पश्चिमेपासून बराच उत्तरेकडे झुकतो. शिंदखेडा आणि मक्का जवळपास एकाच अक्षांशावर असल्याने आमच्याकडे तो पश्चिमेलाच. पाकने दिशा दाखवली, पण बाहेर सगळीकडे सारखंच पांढरं होतं, त्यामुळे दिशेवर विश्वास ठेवणं एवढंच हातात होतं. बारुजारी दिसला नाही. तळं दिसलं नाही. सूर्योदय झाला असावा, कारण पांढरं जरा जास्त पांढरं झालं. तेवढ्यात वाऱ्याबरोबर एकदा गंधकाचा वास आला, जळलेल्या काडेपेटीसारखा. मी हजारो किलोमीटर आलो होतो त्या आगीची तेवढीच ओळख झाली.

सातच्या सुमारास शेजारचे लोक परतले. कुणीच माथा गाठला नव्हता. अर्ध्या वाटेत वाऱ्याने बसवलं होतं. त्यातल्या एकाचा घोटा खड्ड्यात पिरगळून टरारून सुजला होता. त्याला खाली न्यायचं होतं. डॉक्टर नाही, रस्ता नाही, हेलिकॉप्टरला धुक्यात यायची सोय नाही. बांबूला ताडपत्री बांधून झोळी केली आणि हमालांनी खांदे दिले. त्यांच्याकडची माणसं कमी पडत होती म्हणून आमचा तो प्लास्टिकच्या पिशवीतला पोरगाही गेला. सात टेकड्या, चिखल, पायात चप्पल, आणि खांद्यावर सत्तर-ऐंशी किलोचा माणूस. आमची टोपली मग आम्ही तिघांनी वाटून घेतली. पुणेकराने सर्वांत जड ओझं उचललं आणि खाली येईपर्यंत कोणाला दिलं नाही.

खाली चहा पिताना मी पाकला विचारलं, शिखर झालं नाही तर लोक काय म्हणतात? तो म्हणाला, काही जण समजून घेतात. काही पैसे परत मागतात. काही जण गेल्यावर मोबाइलवरून एक तारा देतात आणि लिहितात की वाटाड्या आळशी होता. तारे कमी झाले की ज्या कंपनीसाठी तो काम करतो ती त्याला कमी बोलावते. हमालांचं तर त्याहून वाईट. मुक्काम कमी झाला तर कधी कधी त्यांची मजुरीही कमी होते. हे सांगताना त्याचा आवाज तक्रारीचा नव्हता. शेतकरी भाव पडल्याचं सांगतो तसं तो सांगत होता.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की रात्री दीड वाजता त्याने 'आज नाही' म्हटलं ते किती महाग होतं. आमच्यासाठी ते शब्द म्हणजे हुकलेला फोटो. त्याच्यासाठी पुढच्या महिन्याचं काम. आणि तरीही तो म्हणाला. शेजारचा वाटाड्या नाही म्हणू शकला नाही. तो बेजबाबदार होता असं मला वाटत नाही. कदाचित त्या महिन्यात त्याच्याकडे आधीच कमी तारे असतील.

2018 च्या जुलै-ऑगस्टमध्ये लोंबोकला लागोपाठ भूकंप झाले. पहिल्याच धक्क्यात रिंजानीवर दरडी कोसळल्या आणि शेकडो गिर्यारोहक वर अडकले. 5 ऑगस्टच्या मोठ्या धक्क्यात बेटावर पाचशेच्या वर माणसं गेली. त्यानंतर बराच काळ वाटा बंद होत्या. ज्यांची घरं पडली त्यांतल्या कित्येकांची रोजीरोटी डोंगरावरच अवलंबून, आणि तोच बंद. जून 2025 मध्ये शिखराच्या वाटेवरून ब्राझीलची एक तरुण पर्यटक घसरून पडली. खराब हवा आणि धुक्यामुळे तिच्यापर्यंत पोहोचायला दिवस लागले आणि ती वाचली नाही. तिचा देह वर आणताना कड्यावर दोरांना लटकून रात्र काढणारे स्वयंसेवक तिथलेच होते. बातमी पर्यटकाची होते. दोर धरणारा बातमीत क्वचितच येतो.

हे फक्त तिकडचं नाही. दर पावसाळ्यात सह्याद्रीत धबधब्यांवर आणि किल्ल्यांवर अपघात होतात आणि लोकांना वर काढायला जवळच्या गावातली, पाड्यावरची पोरं उतरतात. तिथेही गावातला वाटाड्या 'आज पाणी जास्त आहे, नका जाऊ' म्हणतो आणि शहरातून आलेले 'आम्ही रोज जातो' म्हणतात. तिथेही नाही म्हणणाऱ्याची त्या दिवसाची मजुरी बुडते, आणि दुसरा कोणीतरी हो म्हणणारा भेटतो.

आता राहिला 'फुकटच गेला की खर्च' या वाक्याचा हिशेब. आमच्या तिघांचे पैसे गेले ते शिखरासाठी नव्हते, असं मी आता धरून चालतो. ते एका जाणत्या माणसाचा निर्णय विकत घेण्यासाठी होते, आणि तो निर्णय आम्हाला मिळाला. डॉक्टरने ऑपरेशनची गरज नाही असं सांगितलं तर आपण फी परत मागत नाही. वाटाड्याची मजुरीही तशीच समजली पाहिजे.

म्हणून डोंगरावर जाणाऱ्या ओळखीच्या सगळ्यांना मी तीन गोष्टी सांगतो. निघण्याआधीच वाटाड्याला आणि हमालांना स्पष्ट शब्दांत सांगा की माथा झाला किंवा नाही झाला, पैसे पूर्ण मिळतील. हे वर गेल्यावर सांगून उपयोग नाही, तोवर त्याच्या मनात त्याचा हिशेब झालेला असतो. दुसरं, ज्याच्या खांद्यावर तुमचं सामान आहे त्याच्या अंगावर रेनकोट आहे का ते बघा. आणि तिसरं, परत आल्यावर तारे द्यायची वेळ आली तर ज्याने तुम्हाला परत फिरवलं त्याला पाच द्या, आणि का दिले तेही लिहा.

आम्ही तिघांनीही लिहिलं. पुणेकराचं सर्वांत लांब होतं.